जुनी हिरवी 'शीप्र' अत्तरं: लावायची की कपाटात जपायची?

रानजाई · ४ जून, रात्री १०:१२

मंडळी, इथे मोगरा-केवड्यावर धागे आहेत, डिओवर तर हाणामारीही झालेली आहे. माझ्या प्रश्नाला कुठेच जागा सापडेना म्हणून हा नवा धागा.

गेल्या महिन्यात मी जुनी 'मिस दिओर' (शीप्र घराण्यातलं फ्रेंच अत्तर) घेतली. हल्ली मिळते ती गुलाबी, गोडुस वासाची नव्हे. काळ्या-पांढऱ्या चौकटीच्या डब्यातली, फवारा नसलेली, बूच काढून बोटाने लावायची. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे सत्तरच्या दशकातली.

पहिल्यांदा लावली तेव्हा दहा मिनिटं नुसतं नेलपॉलिश आणि टर्पेंटाइन. म्हटलं, गेले पैसे. ओट्यावरचं आवरायला घेतलं आणि विसरून गेले. अर्ध्या तासाने कपाळावरचे केस मागे सारताना मनगट नाकाजवळून गेलं आणि मी थांबलेच. घेवड्याची कोवळी शेंग मोडल्यावर येतो तो वास. आणि ती शेंग मोडणारं माणूस विहिरीच्या ओल्या पायरीवर बसलेलं. फूल कुठेतरी आहे, पण पाठमोरं. रात्री झोपताना त्याच जागी जुन्या चामडी पाकिटाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला लावून गेले. शेजारची म्हणाली, "कसलं आयुर्वेदिक तेल लावलंयस गं?" पलीकडून एक जण, "नाही, कोणीतरी डब्यात मसालेभात आणलाय."

तर प्रश्न असे. सुरुवातीचा तो घाण वास म्हणजे माल नासलाय का? आपल्या हवेत हे लावायचं कधी? आणि मुख्य प्रश्न, एवढी जुनी बाटली लावून संपवायची की जपायची? संपली की पुन्हा मिळणार नाही, आणि नुसती ठेवली तर घेतली कशाला?

गंधर्वनगरीचा भाडेकरू · ४ जून, रात्री १०:३१

शीर्षक घाईत वाचलं. क्षिप्रा नदीवर धागा आहे समजून उज्जैनला जायची तयारी करून आलो होतो. आता आलोच आहे तर बसतो.

काळा मसाला · ४ जून, रात्री ११:०५

"शीप्र" असा उच्चार आहे होय! मी दोन वर्षं "चायपर" म्हणत होतो. विमानतळावरच्या दुकानातल्या मुलीने हसू दाबलं होतं ते आज कळलं.

अत्तरदाणी · ५ जून, सकाळी ७:२०

रानजाई, वासाच्या धंद्यात माझी तीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

'शीप्र' म्हणजे फ्रेंचमध्ये सायप्रस बेट. त्या नावाचे सुगंध फार जुने आहेत, पण आज आपण ज्याला शीप्र म्हणतो तो साचा पक्का केला फ्रांस्वा कोटीने १९१७ साली, 'शीप्र' याच नावाच्या अत्तराने. वर बर्गमॉट, म्हणजे एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल. खाली लॅबडॅनम, भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाचा चिकट राळेसारखा डिंक. आणि सगळ्याच्या तळाशी ओकमॉस. वरचं आंबट-उजळ, खालचं काळोखं-ओलसर, आणि या दोघांची ओढाताण हीच शीप्रची मजा.

यात हिरवेपणा आला तो मुख्यतः गॅल्बनममुळे. इराणकडच्या एका झाडाचा चीक. वास काय? ढोबळी मिरची मधोमध चिरा, हुंगा. मिरचीत आणि गॅल्बनममध्ये एकाच घराण्यातली द्रव्यं आहेत, पायराझिन म्हणतात त्यांना, आणि नाकाला ती अगदी कणभर असली तरी कळतात. तुमची मोडलेली घेवड्याची शेंग तिथूनच आली.

आता तुमची शंका. बर्गमॉट, लिंबू, आल्डिहाइडं (चमकदार वासाची कृत्रिम द्रव्यं) ही वरची मंडळी आधी मरतात. पन्नास वर्षांच्या बाटलीत ती मेलेली असणारच. तो नेलपॉलिशचा वास म्हणजे त्यांचं प्रेत. खालचा ओकमॉस, पाच, वाळा, चामडं मात्र ठणठणीत असतं. पंधरा मिनिटं दम धरा आणि मग न्याय करा. तासाभराने पण आंबूस, खवट तेलासारखा वास राहिला तर मात्र नासली म्हणा.

बाटलीच्या बुडाखाली काय लिहिलंय? आणि पातळी कुठवर आहे?

शंकासूर · ५ जून, सकाळी ९:४८

एक साधा प्रश्न. ज्या वस्तूचा वरचा थर "प्रेत" झालाय असं जाणकारच सांगतात, ती हजारो रुपये देऊन घ्यायची आणि "पंधरा मिनिटं दम धरा" म्हणायचं? शिळी आमटी कोणी खपवली तर आपण असा दम धरतो का? मला यात दुर्मीळपणाची नशा दिसते. आज कोपऱ्यावरच्या दुकानात दीडशे रुपयांना मिळाली असती तर याच मंडळींनी नाकं मुरडली असती.

गंधर्वनगरीचा भाडेकरू · ५ जून, सकाळी ९:५५

शिळी आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते हो शंकासूर. हे उदाहरण मागे घ्या.

काळा मसाला · ५ जून, दुपारी १:१४

ऑफिसातल्या त्या मसालेभातवाल्याला कोणी हसू नका, त्याचं नाक बरोबर आहे!

अत्तरदाणींनी ओकमॉस म्हटलं म्हणून शोधून वाचलं. नावात मॉस असलं तरी ते शेवाळ नव्हेच, लायकेन आहे. शाळेच्या पुस्तकात 'शैवाक' म्हणायचे, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. आणि आपलं दगडफूल काय आहे? तेच, लायकेन! जात वेगळी, पण भाऊबंद. माझ्याकडे मसाल्यासाठी किलोभर दगडफूल आहे. आत्ता पिशवी उघडून त्यात तोंड घातलं. कच्चं असताना ओली माती, जुनी लाकडी फळी आणि किंचित शाईचा वास येतो. तेलात परतलं की मग गोड्या मसाल्याचा तो ओळखीचा खमंगपणा.

म्हणजे 'मिस दिओर' निघाली त्या १९४७ साली पॅरिसच्या बायका अंगाला जे लावत होत्या त्याचा चुलतभाऊ आपण आमटीत घालत होतो.

अत्तरदाणी · ५ जून, दुपारी ३:०२

काळा मसाला, शाब्बास. यात आणखी दोन गोष्टी घाला. एक, गॅल्बनमचं झाड फेरुला कुळातलं, आणि आपल्या हिंगाचं झाडही फेरुलाच. सख्खे चुलत. दोन, कनौजचे अत्तरवाले शमाम्यासारख्या मिश्र अत्तरात 'छडीला' घालतात. छडीला म्हणजे दगडफूलच.

पण थोडं सबुरीने. ओकमॉस मद्यार्कात विरघळवून वापरतात तेव्हा त्याला शाईसारखा, समुद्रकाठच्या ओल्या दोरखंडासारखा खोल वास असतो. दगडफूल त्या मानाने कोरडं, धुरकट. आमटी लावून कोणी मिस दिओर होणार नाही.

नाशिकची आत्या · ५ जून, संध्याकाळी ६:४०

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

आमचे हे मर्चंट नेव्हीत होते. १९७४ साली मार्सेयहून माझ्यासाठी 'मा ग्रिफ' आणलं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा डबा होता. तोवर मला सेंट म्हणजे मोगरा नाहीतर ते निळ्या बाटलीतलं माहीत. हे लावलं तर कडू! गवत चावल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, हे कसलं औषध आणलंन?" मलाही आवडलं नव्हतं, पण पाच महिन्यांनी घरी आलेल्या नवऱ्याला ते सांगायचं कसं? म्हणून लावत राहिले. दिवाळीपर्यंत असं झालं की ते लावल्याशिवाय बाहेर पडले तर कुंकू लावायचं राहिल्यासारखं वाटे.

एक सावधगिरीची गोष्ट सांगते. नणंदेच्या लग्नात मी ते शालूच्या पदराला लावलं होतं. पदरावर चार आण्याएवढा पिवळट-हिरवा डाग आहे, तो पन्नास वर्षांत गेलेला नाही. रेशमाला लावू नका गं बायांनो.

रानजाई · ५ जून, संध्याकाळी ७:१०

आत्या, तुम्ही लिहीत जा हो! त्या डागाला अजून वास येतो का?

नाशिकची आत्या · ५ जून, संध्याकाळी ७:४५

डांबरगोळ्यांचा येतो.

पॅरिसकर · ६ जून, पहाटे २:१८

आत्यांच्या 'मा ग्रिफ'ची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. ग्रिफ म्हणजे नखांचा पंजा, आणि शिंप्याच्या लेबलावरची सही सुद्धा. माझी सही, माझा पंजा, दोन्ही अर्थ. कार्वेन या कंपनीने १९४६ साली जाहिरातीसाठी पॅरिसवर आकाशातून छोट्या छोट्या हिरव्या-पांढऱ्या पॅराशूटांना बांधून नमुन्याच्या बाटल्या सोडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीच युद्धातून सुटलेलं शहर. पॅराशूट म्हटलं की लोकांना काय आठवत असेल, आणि हातात काय पडलं!

ते बनवलं जाँ कार्ल याने. त्या वयात त्याचं नाक जवळजवळ गेलं होतं, नुसत्या आठवणीवर त्याने मिश्रणं लिहिली असं इथे सांगतात. 'मिस दिओर' पण त्याचीच, पॉल व्हाशेबरोबर केलेली, १९४७ ची. क्रिस्तियाँ दिओर या फॅशन डिझायनरचा पहिला कपड्यांचा शो १२ फेब्रुवारी १९४७ ला झाला आणि त्याच वर्षी हे अत्तर आलं. ती 'मिस' म्हणजे दिओरची बहीण काथरीन. ती फ्रेंच भूमिगत चळवळीत होती, १९४४ मध्ये पकडली गेली, राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवली गेली आणि जिवंत परत आली. पुढे तिने फुलांचा व्यवसाय केला. नावाने 'मिस' असूनही ते अत्तर एवढं करकरीत का, याचं माझ्यापुरतं उत्तर मला तिथे मिळतं.

आता थोडी बढाई. व्हर्सायला ऑस्मोतेक नावाचं सुगंधांचं संग्रहालय आहे, १९९० साली सुरू झालेलं. बंद झालेली अत्तरं मूळ सूत्रांवरून पुन्हा बनवून तिथे थंड तळघरात, आर्गॉन वायूखाली ठेवतात. एका व्याख्यानाला गेलो होतो तेव्हा कोटीचं १९१७ चं 'शीप्र' कागदाच्या पट्टीवर हुंगायला मिळालं. मला वाटलं होतं काहीतरी नाजूक, तलम असेल. छे! रांगडं निघालं. जाईच्या फुलांवर कोणीतरी बूट घालून चालत गेलंय. ती पट्टी वहीत ठेवली होती, पुढचे आठ दिवस वहीची पानं उलटताना ती भेटत राहिली.

गंधर्वनगरीचा भाडेकरू · ६ जून, सकाळी ८:३०

"जाईच्या फुलांवर बूट घालून". रानजाई, तुमच्या आयडीला सांभाळा.

खरूजनाशक · ६ जून, सकाळी ११:२५

मी त्वचारोगतज्ज्ञ. (आयडी कॉलेजात घेतला होता, बदलता येत नाही.) रंगाचा बेरंग करायला आलोय.

ओकमॉसमध्ये ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल नावाची दोन द्रव्यं असतात. दोन्ही ॲलर्जीसाठी नामांकित. युरोपने २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. २३ ऑगस्ट २०१९ पासून ती असलेला नवा माल बाजारात आणायला मनाई झाली, आणि २३ ऑगस्ट २०२१ नंतर जुना साठाही विकता येईना. आता ही द्रव्यं काढून टाकलेला ओकमॉस वापरतात. तुमच्या बाटलीत मात्र जुनाच माल आहे.

दुसरं, आपल्या देशात जास्त महत्त्वाचं. जुन्या अत्तरांतलं बर्गमॉटचं तेल शुद्ध केलेलं असेलच असं नाही. त्यातल्या बर्गॅप्टेनमुळे लावलेल्या जागी ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मग काळपट डाग पडतात. गळ्यावर ओघळलेल्या थेंबांच्या आकाराचे, लोलक लोंबावा तसे. म्हणून फ्रेंच शब्दावरून त्याला बर्लॉक डर्मटायटिस म्हणतात. जुन्या अत्तरांत मस्क अँब्रेट हे कृत्रिम कस्तुरीद्रव्यही असायचं, उन्हात तेही त्रास देतं.

लिनालूल, लिमोनीन ही साधीसुधी द्रव्यंसुद्धा हवा लागून जुनी झाली की जास्त ॲलर्जी करतात. तेव्हा आधी दंडाच्या आतल्या बाजूला एक थेंब, दोन दिवस वाट. मान, गळा, कानामागे नको. उन्हात जायच्या दिवशी अंगावर अजिबात नको. कपड्याला लावा.

नाशिकची आत्या · ६ जून, दुपारी १२:०३

डॉक्टर, कपड्याला लावू नका हे मी आत्ताच सांगितलं ना!

खरूजनाशक · ६ जून, दुपारी १२:१०

सुती कपड्याला. आतल्या बाजूने. शरण आलोय आत्या.

अत्तरदाणी · ६ जून, दुपारी ४:३७

दोघांचंही बरोबर. ओकमॉसचा अर्क गडद हिरवा-तपकिरी असतो, डाग पडणारच. यावरचा उपाय आपल्याकडे शेकडो वर्षं आहे: फाया. कापसाचं बोंडाएवढं वेटोळं, त्यावर दोन थेंब. पूर्वी पुरुष कानाच्या पाळीत खोचत. तुम्ही प्लास्टिकच्या भोकाच्या डबीत घालून पर्समध्ये टाका, किंवा रुमालाच्या घडीत ठेवा. त्वचेला लागत नाही, रेशीम वाचतं, आणि थेंबही कमी लागतात.

अंगाच्या उबेवर शीप्र जसं उलगडतं तसं फायावर उलगडत नाही, हे मान्य. पण पुण्याच्या मे महिन्यात ते अंगावर उलगडत नसतंच, उकळत असतं.

रानजाई, बुडाखाली काय आहे ते सांगितलं नाहीत.

उल्हासनगर फास्ट · ६ जून, रात्री ९:५०

माझी फसवणूक वाचा म्हणजे इतरांचे पैसे वाचतील. 'व्हाँ व्हेर' हवं होतं. बालमँ या फ्रेंच फॅशन कंपनीचं, १९४७ चं, जर्मेन सेलिए या बाईने केलेलं. त्यात गॅल्बनम आठ टक्क्यांच्या आसपास होतं म्हणतात. हिरवा वारा असा अर्थ, आणि वर्णन वाचूनच वेड लागलं होतं. एका परदेशी विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलं. "१९६० ची, न उघडलेली." सीमाशुल्क भरून साडेअकरा हजार गेले.

बाटली खरी होती, आतला माल नव्हता. उघडलं तर लिंबाचं भांडी घासायचं द्रव. आता लक्षात येतं की साठ वर्षांच्या बाटलीत पातळी गळ्यापर्यंत होती. हवेत काहीच उडून गेलं नाही? रंगही पाण्यासारखा. जुन्यांचा रंग चहाकडे झुकतो. विक्रेत्याने नंतर उत्तर देणं बंद केलं.

शंकासूर · ६ जून, रात्री १०:२२

मी काही बोलत नाही.

उल्हासनगर फास्ट · ६ जून, रात्री १०:२४

बोला हो, सवय झालीय. बायको रोज बोलते.

पॅरिसकर · ७ जून, पहाटे १:४०

उल्हासनगर, वाईट वाटलं. पण अस्सल मिळालं तरी कुठलं मिळालं हा प्रश्न असतोच. 'व्हाँ व्हेर' १९९० मध्ये पुन्हा घडवलं, मग १९९९ मध्ये आणखी एकदा. नाव तेच. 'मिस दिओर'चा घोळ त्याहून मोठा. २००५ मध्ये 'मिस दिओर शेरी' नावाचं वेगळंच गोड अत्तर काढलं, पुढे त्याचंच नाव नुसतं 'मिस दिओर' केलं आणि खऱ्या मिस दिओरला 'ओरिजिनाल' अशी शेपटी लावून कोपऱ्यात बसवलं. घर मुलीच्या नावावर आणि आई माळ्यावर.

मी सुरुवातीला 'शानेल नं. १९' पासून आलो. १९७० चं, हिरवं शीप्र, अजूनही बनतं. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

अत्तरदाणी · ७ जून, सकाळी ७:०५

पॅरिसकर, नं. १९ शीप्र नव्हे. गॅल्बनम आणि आयरिसच्या मुळाची पूड, खाली वाळा. हिरवं आहे, सुंदर आहे, पण शीप्रचा कणा त्यात नाही. 'व्हाँ व्हेर'लाही मी हिरवं पुष्पगंधीच म्हणेन.

पॅरिसकर · ७ जून, दुपारी २:२०

जुन्या नं. १९ मध्ये मॉस स्पष्ट आहे. माझ्याकडे ऐंशीच्या आसपासची बाटली आहे, तीन तासांनंतर तळ हुंगा आणि मग बोला.

अत्तरदाणी · ७ जून, दुपारी २:४१

मॉस असणं आणि मॉसवर उभं असणं यात फरक आहे. भाजीत मीठ असतं म्हणून तिला मीठ म्हणत नाहीत.

गंधर्वनगरीचा भाडेकरू · ७ जून, दुपारी २:५०

शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

वाळ्याचा पडदा · ७ जून, रात्री ८:१५

नं. १९ वरून डोकी फुटायच्या आत विषय बदलतो. मी पुरुष, वय ४१, कोल्हापूर, आणि मी ही "बायकांची" अत्तरं लावतो. 'बँडिट' हे माझं आवडतं. रोबेर पिगे या फॅशन डिझायनरसाठी १९४४ मध्ये त्याच जर्मेन सेलिएने केलेलं. चामडं, सिगारेटची राख, कडू हिरवं. बायकांचं अत्तर म्हणून विकलं, आणि माझ्या मावसभावाने हुंगून विचारलं, "नवीन बुलेट घेतलीस का?"

एक गमतीची गोष्ट. लांकोमचं 'सिक्कीम' नावाचं हिरवं शीप्र होतं, १९७१ चं. म्हणजे सिक्कीम भारतात आलं १९७५ ला, पॅरिसच्या बाटलीत त्याआधी चार वर्षं.

वासाचं म्हणाल तर मला हे परकं कधी वाटलंच नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेला आमच्या घरी दवणा यायचा. दवणा, मरवा, पाच हे सगळे गजऱ्यातले हिरवे, कडवट वास. आजीच्या गजऱ्यात मोगरा थोडा आणि पाच-मरवा जास्त असायचा. फुलाला पानाची धार हवी, नाहीतर गजरा मिळमिळीत, असं ती म्हणायची. पाच म्हणजेच तिकडचं पॅचौली. शीप्रच्या तळात ते हमखास सापडतं.

काळा मसाला · ७ जून, रात्री ९:००

+१. आता फक्त नारळ आणि गूळ राहिलाय, की पॅरिसचं पूर्ण जेवण आपल्याकडचं ठरतं. (हलके घ्या.)

पाककलानिपुण · ७ जून, रात्री ९:३५

आयडी काळा मसाला आणि वर गोड्या मसाल्याच्या गप्पा? काळ्या मसाल्यात दगडफूल आमच्याकडे गोड्यापेक्षा दुप्पट असतं. आणि तो तेलात काळपट होईपर्यंत भाजला नाही तर त्याला मसाला म्हणू नये.

काळा मसाला · ७ जून, रात्री ९:४१

तुमच्याकडे म्हणजे कुठे? सोलापुरात असं कोणी करत नाही.

संपादक · ७ जून, रात्री १०:३०

मसाल्यांवरचे पुढचे एकोणीस प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. कृपया अत्तराकडे या.

शंकासूर · ९ जून, दुपारी १२:१७

मी परवा खोचकपणे लिहिलं, आता सरळ विचारतो. आवडतं कशामुळे? आठवणीमुळे म्हणाल तर आत्या सोडल्या तर इथे कोणालाच १९४७ किंवा १९७४ ची आठवण नाही. मग जे तुमचं कधी नव्हतंच त्याची ओढ कसली?

रानजाई · ९ जून, दुपारी १:५२

शंकासूर, प्रामाणिक प्रयत्न करते. हल्ली दुकानात जे हुंगते ते सगळं माझ्याकडे धावत येतं. व्हॅनिला, कॅरमेल, फळं. दारातच गळ्यात पडतात. हे अत्तर तसं नाही. ते पाठ करून बसलेलं असतं, मला त्याच्याकडे जावं लागतं. परवा एका मीटिंगमध्ये मी फार चिडले होते. बोलायच्या आधी बाही सारखी केली आणि तो कडू हिरवा वास आला. गप्प राहिले, आणि बरं झालं. गोड वासाने हे केलं नसतं.

आठवणीचं म्हणाल तर तुमचं खरं आहे, माझी काहीच आठवण नाही त्यात. पण सगळं आवडायला आजीच्या कपाटातूनच यावं लागतं का?

शंकासूर · ९ जून, दुपारी २:३०

हं. मीटिंगचं पटलं. किमतीचं अजून पटत नाही.

अत्तरदाणी · ९ जून, संध्याकाळी ५:१०

किमतीबद्दल मी शंकासुरांच्या बाजूने. पहिली बाटली जुनी घेऊच नये. आधी 'ॲरोमॅटिक्स एलिक्सिर' हुंगा. १९७१ चं, अजून बनतं. हिरव्यापेक्षा औषधी, पण शीप्रचा कणा काय ते कळेल. ते सोसलं तरच जुन्याकडे वळा.

डब्यावरून काळ ओळखायची सोपी खूण: मागे लिनालूल, लिमोनीन, सिट्राल अशी घटकांची लांब यादी असेल तर माल २००५ किंवा त्यानंतरचा, कारण युरोपात ती छापणं तेव्हापासून सक्तीचं झालं. यादी नसेल तर बहुधा आधीचा. बारकोडही नसेल तर आणखी जुना असायची शक्यता. आणि बाटली न्हाणीघरात ठेवू नका. डब्यातच, अंधारात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. फ्रिजमध्ये चालते, पण चिवड्याच्या डब्याशेजारी नको.

रानजाई, तिसऱ्यांदा विचारतो. बुडाखाली?

रानजाई · २१ जुलै, रात्री ११:०४

धागा वर काढते. दीड महिना गायब होते, क्षमस्व.

दंडावर थेंब लावून दोन दिवस थांबले, काही झालं नाही. तरी डॉक्टरांचं ऐकून गळ्याला लावत नाही. फाया करते. जुन्या कुंकवाच्या डबीला सुईने सहा भोकं पाडली आणि आत कापूस. पहिल्यांदा नेली तेव्हा भोकं मोठी झाली होती, अख्ख्या रिक्षेत घमघमाट. रिक्षावाले काका आरशात बघून म्हणाले, "ताई, वरच्या बाजूला पाऊस पडला का? रान भिजल्यासारखा वास येतोय." त्या दिवशी पुण्यात टिपूसही नव्हता.

हवेचं उत्तर मला मिळालं: पावसाळा. मे महिन्यात ते वर चढून डोक्यात जात होतं. आता हवेत ओल आहे तर ते खालीच राहतं, अंगासरशी. सिंहगडावर गेलो तेव्हा रुमालात फाया होता. वर धुकं आणि भिंतींवर शेवाळ. रुमाल कुठला आणि भिंत कुठली, काही वेळ कळेना.

ऑफिसातल्या मसालेभातवाल्याला मी दगडफुलाची गोष्ट सांगितली. आता तो रोज येऊन विचारतो, "आज काय, आमटी की भात?"

आणि जपायच्या प्रश्नाचं म्हणाल, तर बाटली निम्म्याच्या खाली गेलीय. अत्तरदाणी, रागावू नका.

नाशिकची आत्या · २२ जुलै, सकाळी ६:५५

बरं केलंस. माझं मा ग्रिफ मी शेवटी शेवटी थेंब मोजून लावत होते. तळाशी बोटभर उरलं होतं ते एका उन्हाळ्यात आपोआप आटलं. ना लावलं, ना उरलं.

अत्तरदाणी · २२ जुलै, सकाळी ७:१२

रागावलो नाही. बुडाखाली काय आहे?

रानजाई · २२ जुलै, सकाळी ९:२०

तिथे विक्रेत्याने किमतीची चिठ्ठी चिकटवलीय हो, इतक्या दिवसांत निघत नाहीये! डब्यावर घटकांची यादी नाही, बारकोड पण नाही.

अत्तरदाणी · २२ जुलै, सकाळी ९:२६

खोबरेल तेल लावा चिठ्ठीला. रात्रभर ठेवा. सकाळी फोटो टाका.

गंधर्वनगरीचा भाडेकरू · २२ जुलै, सकाळी ९:३०

आणि बूच घट्ट लावून मग उलटी करा म्हणावं, नाहीतर सकाळी नुसत्या चिठ्ठीचाच फोटो यायचा.